एक नंबरची कुस्ती

आमच्या गावची जत्रा चैत्रातली. पहिल्या दिवशी पालखी, रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी ऊन कललं की कुस्त्यांचं मैदान. आसपासच्या गावची माणसं एखाद्या वर्षी पालखी चुकवतील, पण मैदान चुकवणार नाहीत. ओढ्याच्या अलीकडं एक खोलगट जागा आहे. तिन्ही अंगांनी चढ, मध्ये सपाटी. कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, १९१२ साली ते पुरं झालं, तेही असंच. आखाडा खोलात, माणसं चढावर. शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा पाठ टेकलेली दिसली पाहिजे. आमच्याकडं तेवढं काम ओढ्यानं फुकटात करून ठेवलं होतं.

आधी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या. शेंबडी पोरं लंगोट सावरत एकमेकांच्या मानेला लोंबकळायची. मग दहा रुपये, पन्नास, शंभर, अशा चढत जायच्या. दिवस मावळायच्या आत एक नंबरची कुस्ती. हलगीवाला तोवर कितीही दमलेला असला तरी त्या वेळी ताठ व्हायचा. एक नंबरला कोण लढणार ते यात्रा कमिटी ठरवते. जोड लावणं म्हणतात त्याला. वजन बघायचं, वय बघायचं, वस्तादाचा शब्द घ्यायचा, आणि इनामाचे पैसे कोण देतो त्याच्या तोंडाकडंही बघायचं. हे शेवटचं कुणी बोलून दाखवत नाही.

मी बारा वर्षं त्या कमिटीचा चिटणीस होतो. शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून पत्रकाचा मजकूर माझ्याकडं आणि मैदानात भोंगाही माझ्याच हातात. 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असं वर ठळक लिहायचं आणि खाली जोड. अशाच एका पत्रकातून मी एक नाव गाळलं. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तेच सांगायला बसलोय, पण आधी नातवाचं सांगतो. ही खपली त्यानं काढली.

गेल्या मे महिन्यात तो गावी आला होता. पुण्यात सातवीत शिकतो. त्याच्या बापानं लहानपणी सगळ्या सुट्ट्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर घालवल्या. कुणाची उंची जास्त, कुणाचं वजन जास्त, ह्यावर पत्ते जिंकायचे. अंडरटेकरचा पत्ता खिशात घालून झोपायचा. पोरगंही त्याच वळणावर गेलंय, फक्त पत्त्यांच्या जागी मोबाइल आला. सोप्यात माझ्याशेजारी आडवा पडून बघत होता, एकदम म्हणाला, "आबा, हा जिंकलाय तरी सगळे ह्याची हुर्यो उडवतायत. बघा ना."

मी चष्मा पुसून बघितलं. रोमन रेन्स त्याचं नाव. जानेवारी २०१५ मधलं मैदान, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं. 'रॉयल रंबल' नावाचा प्रकार. तीस जण एकामागोमाग येतात. ज्याला वरच्या दोरावरून बाहेर टाकलं आणि ज्याचे पाय जमिनीला लागले तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला. लोकांच्या मनात होता डॅनियल ब्रायन. दाढीवाला, त्यांच्या मापानं बुटका आणि किरकोळ. आदल्या साली लोकांनी एवढा गलका केला होता की कंपनीला वर्षाच्या सगळ्यात मोठ्या मैदानात त्याला जिंकवावं लागलं. मग मान दुखावून तो घरी बसला आणि बरा होऊन परत आला. त्याला कंपनीनं मधेच बाहेर काढला आणि शेवटी रेन्सला जिंकवलं. रेन्स उंचापुरा, देखणा, घराण्यातच कुस्ती. पण सगळं सभागृह त्याच्यावर उठलं होतं. सिनेमात गेलेला त्याचा भाऊबंद रॉक त्याचा हात वर धरायला आला, तरी लोक निवेनात. रॉकच्या चेहऱ्यावर कळत होतं की ह्या माणसाला असं स्वागत ठाऊक नाही.

मी विचारलं, "पण ह्यांचं आधीच ठरलेलं असतं ना, कोण जिंकणार ते?"

"असतं की."

"मग ह्याची काय चूक?"

"ह्याची काहीच नाही. ठरवणाऱ्यांची."

"मग ह्याच्यावर का ओरडतायत?"

पोरगं जरा थांबलं. म्हणालं, "कारण तोच समोर उभा आहे." आणि मग मलाच विचारलं, "आता ह्यानं काय करायचं, आबा?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्या गावातही असा एक होता. नाव लिहीत नाही. गाव त्याला पैलवान म्हणायचं, मीही तेच म्हणतो. लहानपणी बाप गेला, मामाच्या दारात वाढला. मामा साखर कारखान्यावर संचालक. त्यानं भाच्याला कोल्हापूरला तालमीत घातला. सहा वर्षं दूध, तूप, बदाम मामाच्या खर्चानं. पोरगाही कष्टाला कमी नव्हता. पहाटे चारला उठून जोर मारायचा, दगडावर पाठ घासल्यासारखा मातीत घुमायचा. गोरापान, रुंद खांद्याचा. शड्डू ठोकला की चढावरच्या बायकासुद्धा पदर सावरून बघायच्या. कुस्ती मात्र जड. निकाल काढायला वेळ घ्यायचा.

आणि पलीकडच्या धनगरवाडीत दुसरा एक पोरगा होता. बकऱ्यांमागं हिंडून वाढलेला, अंगानं बारीक, पण एकेरी पट काढायला गेला की डोळ्याचं पातं लवायच्या आत समोरचा मातीत. पाचशेच्या कुस्तीत दोन मिनिटांत निकाल देऊन फेटा उडवत हिंडायचा आणि लोक त्याला नुसत्या दहा-दहाच्या नोटांनी झाकून टाकायचे. लोकांना तो एक नंबरला हवा होता. कमिटी सलग चार वर्षं पैलवानालाच लावत होती, कारण इनाम मामाचं. चढावर बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

१९८४ ची जत्रा. मैदानाच्या दोन दिवस आधी रात्री पैलवान माझ्या दारात आला. दार लोटून घेतलं आणि लुंगी वर करून गुडघा दाखवला. वासराच्या डोक्याएवढा सुजला होता. वर हळदीचा लेप. म्हणाला, "गुर्जी, ह्या साली मला एक नंबरातनं काढा. वाडीच्या पोराला घ्या. लोकांच्या मनात त्योच हाय."

मी मामाकडं गेलो. मामा म्हणाला, पत्रकं वाटून झाली, समोरच्या पैलवानाला उचल दिलीय, आता माझी आब्रू घालवता काय. नुसता उभा राहू दे, टिकला तरी पुरं. मी परत येऊन पैलवानाला निरोप सांगितला. तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "मामाचं खाल्लंया. उभा ऱ्हातो."

समोर सांगलीकडचा गडी होता. सलामी झाली आणि दुसऱ्याच झटापटीत पैलवान खाली आला. नंतर तो वर उठलाच नाही. पोटावर पडून माती धरली. समोरच्यानं घिस्सा मारला, हप्ता भरायचा प्रयत्न केला, पण तेवढं वजन पलटेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चढावरून पहिला आवाज आला, "नुरा हाय!" मग सगळ्या चढांवरून तोच आवाज. ज्यांना नुरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोघांनी आतून ठरवून केलेली लुटुपुटूची कुस्ती म्हणजे नुरा. पैलवानाला आईवरून दिलेली शिवी परवडेल, पण हा शब्द नाही. ढेकळं आली, नारळाच्या करवंट्या आल्या. चाळीस मिनिटांनी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. पैलवान कसाबसा उठला, आखाड्याची माती कपाळाला लावली, आणि तेवढ्यात एक चप्पल त्याच्या पाठीत बसली. त्यानं मागं वळून चप्पल टाकणाऱ्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

भोंगा माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. 'गावकरी मंडळी, पैलवानाचा गुडघा निकामी आहे, तरी तो मैदानात उतरला.' मी भोंगा तोंडाला लावला. कमिटीच्या मांडवात मामा बसला होता. माझी बदली त्या साली त्याच्या शब्दानं थांबली होती. म्हातारी आई, धाकटी पोर, ह्या गावात स्वतःचं घर. मी भोंगा खाली ठेवला.

पुढच्या साली, १९८५ ला, पत्रक ठरवायला बैठक बसली. आदल्या ऑगस्टात खाशाबा जाधव रस्त्यावरच्या अपघातात गेले होते. गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारतातल्या एकट्या खेळाडूचं पहिलं ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा लोकांनी बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. नंतर माणूस पोलीस खात्यात नोकरी करत राहिला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. बैठकीत सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं, पत्रकाच्या माथ्यावर खाशाबांना आदरांजली छापायची. मग पैलवानाचा विषय निघाला.

एक म्हातारा म्हणाला, "लोकांस्नी नगं तर नगं. मैदान लोकांचं हाय, आपलं न्हवं." दुसरा म्हणाला, "आसं कसं? उभा करत ऱ्हायचं. लोकं वराडत्याल आन् गप बसत्याल." दोघांची जुंपली. मामा गप्प होता. त्या साली कारखान्याची निवडणूक होती आणि धनगरवाडीची मतं एकगठ्ठा होती. शेवटी मामाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्याचं नाव. वाडीच्या पोराला घ्या." ज्यानं चढवला होता, त्यानंच उतरवला.

हलगीवाला दाराशी उंबऱ्याबाहेर बसला होता. सुपारी ठरवायला आला होता. तो म्हणाला, "त्येला इचारलं का कुनी?" कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मीही नाही. वर खाशाबांचं नाव लिहिलं, खाली वाडीच्या पोराचं. पैलवानाचं नाव कुठंच नाही. त्यानं ते एसटीच्या थांब्यावर, भिंतीला चिकटवलेल्या पत्रकावर वाचलं. मला हे दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर तो कुठल्याच मैदानात उतरला नाही. तालमीत गेला नाही. मामाचं घर सोडलं आणि वाटणीच्या दीड एकरात म्हसरं धरून राहिला.

नातू गेल्यावर मी त्या रोमन रेन्सचं पुढं काय झालं ते मोबाइलवर बघत बसलो. म्हातारपणी सवड असते. कंपनीनं पहिल्यांदा आमच्या बैठकीतल्या दुसऱ्या माणसाचा मार्ग धरला. उभा करत राहायचं, लोक ओरडतील आणि गप्प बसतील. लोक गप्प बसले नाहीत. २०१७ मध्ये त्यानं अंडरटेकरला पाडलं. दुसऱ्या दिवशी तो बोलायला उभा राहिला, तर लोकांनी दहाएक मिनिटं तोंड उघडू दिलं नाही. शेवटी एक वाक्य बोलून तो निघून गेला. जेवणारा तोंड मिटून बसला असेल तर घास मोठा करून उपयोग नाही.

मग ऑक्टोबर २०१८. तो आला आणि साध्या कपड्यात उभा राहून म्हणाला की मला रक्ताचा कर्करोग आहे, अकरा वर्षं तो माझ्यासोबत आहे, आता उलटलाय, मी पट्टा सोडतो. तेच लोक उभे राहिले. काही रडत होते. चार महिन्यांनी तो बरा होऊन आला तेव्हा त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

हे बघताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एक तर माणसानं आपल्या वाट्याचा मान मिळवायला आजार दाखवावा का? गुडघा उघडा करून दाखवल्याशिवाय आम्ही चप्पल खाली ठेवणार नाही का? आणि दुसरं जास्त बोचलं. म्हणजे लोक दुष्ट नव्हते. त्यांना जे दाखवलं त्यावर ते बोलले. त्या दिवशी भोंग्यातून ते एक वाक्य गेलं असतं, तर आमच्या चढावरची माणसंही उभी राहिली असती. तीच माणसं, ज्यांना मी चाळीस वर्षं मनातल्या मनात अडाणी म्हणत आलो.

तिसरा मार्ग कंपनीनं २०२० च्या ऑगस्टात काढला. कोरोनामुळं सभागृहात माणूस नव्हता. रिकाम्या मैदानात त्यांनी रेन्सला परत आणलं ते खलनायक करून. लोकांना जे वाटत होतं तेच खरं ठरवून टाकलं. माणसं परत आली तेव्हा ती त्याच्यावर ओरडत होती, पण आता खूश होऊन. १३१६ दिवस पट्टा त्याच्याकडं राहिला आणि एप्रिल २०२४ मध्ये सुटला, तोही त्याच फिलाडेल्फियात. आमच्या सोंगी भजनात रावण करणाऱ्याला लोक शिव्या घालतात आणि सकाळी त्यालाच पहिला चहा पाजतात, तसंच हे. युक्ती नामी आहे. पण ती सोंगातच चालते. लाल मातीत रावणाचं सोंग नाही. तिथं माणसाला एकच भूमिका, त्याची स्वतःची. शिवाय रेन्सला ह्या सगळ्याचा भरपूर मोबदला मिळाला. आमच्या पैलवानाला चप्पल मिळाली. दोघांना एका तागडीत घालणं बरोबर नाही, हेही कळतं.

मग करायचं काय? मी जेवढं समजलो तेवढं सांगतो. लोकांचा नकार खोटा मानू नये. उन्हातान्हात चार-पाच कोस चालून आलेल्या माणसाला कुस्ती आवडली नाही म्हणायचा पुरा हक्क आहे. आमचे लोक एका बाबतीत शंभर टक्के बरोबर होते. जोड चुकीची होती, वशिल्याची होती. पण वशिला मांडवात फेटा बांधून बसला होता आणि ढेकळं लंगोटवाल्याला लागत होती. अशा वेळी ज्याला आतलं ठाऊक आहे त्यानं उठून नकाराचं तोंड बरोबर दिशेला वळवायचं असतं. ते काम लोकांचं नव्हतं, पैलवानाचंही नव्हतं. ज्याच्या हातात भोंगा होता त्याचं होतं. आणि त्यानंतर त्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या पाठीमागं बैठकीत सोडवायचा नाही. हलगीवाल्याला ते कळलं होतं.

परवा पैलवानाच्या रानात गेलो. आता सत्तरी ओलांडली आहे. पाय ओढत चालतो. कडबाकुट्टीवर कडबा घालत होता. ह्या साली जत्रेत जुन्या पैलवानांना फेटे बांधायचं कमिटीनं ठरवलंय. ते निमित्त करून गेलो होतो. ते सांगितलं तर हसला. म्हणाला, "फेटं ऱ्हाऊ द्या गुर्जी. म्हसरांची धार कोन काडनार?"

मी बांधावर बसलो. थोड्या वेळानं विचारलं, "पैलवान, ८५ साली आम्ही काय करायला पाहिजे होतं?"

त्यानं हातातला कडबा खाली ठेवला. "काय न्हाई. धा रुपयाच्या कुस्तीला लावायचं हुतं. गुडगा बरा झाल्ता. लढलो आसतो." जरा थांबून म्हणाला, "तुमचा राग न्हाई बरं का. त्या दिवशी तुमी बोलाय गेला हुता, मी बगितलं की. भोंगा तोंडाला लावलासा. आवाज आला न्हाई. तवा भोंगं बॅटरीवर चालायचं. म्हनलं, बॅटरी उतरली."

एवढी वर्षं त्यानं माझ्यासाठी ती बॅटरी सांभाळून ठेवली होती. मी तसाच उठून आलो असतो तरी चाललं असतं. त्याचा समज मोडून त्याला काय मिळणार, हाही विचार मनात आला. पण असाच विचार मी त्या मांडवाकडं बघून केला होता.

"बॅटरी उतरली नव्हती, पैलवान," मी म्हणालो. "मीच बोललो नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. तेव्हा आखाड्यातून बघितलं होतं, तसंच. मग वाकून कडब्याची पेंडी उचलली, कुट्टीत घातली, चाक फिरवलं. दोन पेंड्या संपेपर्यंत काही बोलला नाही.

"आसंल," म्हणाला. मग घराकडं तोंड करून सुनेला हाक मारली, "गुर्जी आल्यात. च्या टाक."

मी चहा पिऊन आलो.